टोक्योतलं इवासाकी घराण्याचं घर : दिवाणखाना उरला, राहतं घर गेलं

मेघना_निशिकासाई

जपानला येणाऱ्या आपल्या मंडळींचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. आसाकुसाचं देऊळ, फुजी, क्योतो, हिरोशिमा, आणि मुलं बरोबर असतील तर डिस्नेलँड. उएनो पार्कातही सगळे जातात. पण तिथल्या शिनोबाझु तळ्याला वळसा घालून थोडं पुढे गेलं की युशिमा भागात एक जुनी पाश्चात्त्य धाटणीची हवेली आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. तिचं नाव क्यू-इवासाकी-तेई. मित्सुबिशी उद्योगाच्या संस्थापक घराण्याचं हे घर. सध्या इथे सासू-सासरे आले आहेत, त्यांना घेऊन परवा गेले होते. या घराबद्दल मराठीत काही सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मित्सुबिशीचे संस्थापक यातारो इवासाकी यांनी ही जागा १८७८ मध्ये घेतली. त्याआधी, एदो काळात, इथे एका सरदार घराण्याचा वाडा होता. आज दिसणारं घर त्यांचा मुलगा हिसाया यांनी बांधून घेतलं, ते १८९६ मध्ये पुरं झालं. हिसाया हे मित्सुबिशीचे तिसरे प्रमुख, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकून आलेले. वास्तुरचनाकार होते जोसाया काँडर. हा इंग्रज गृहस्थ १८७७ मध्ये, पंचविशीच्या आत, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायला जपानला आला आणि शेवटपर्यंत इथेच राहिला. जपानमधल्या आधुनिक वास्तुरचनाकारांची पहिली पिढी त्याच्या हाताखाली घडली. टोक्यो स्टेशनची लाल विटांची इमारत (१९१४) ज्यांनी उभारली ते तात्सुनो किंगो त्याचेच विद्यार्थी.

फाटकातून खडीचा चढ चढून गेलं की फिकट पिवळसर रंगाचं दुमजली लाकडी घर समोर येतं. दारावर चौकोनी मनोरा, त्याला घुमट. आत शिरताना बूट काढायचे, दिलेल्या पिशवीत घालायचे आणि ती पिशवी हातात धरून सगळं घर बघायचं. त्यामुळे पायमोज्यांनी लाकडी जमिनीवरून चालताना तुकडे कसे जोडलेत ते पायालाही कळतं. खोली बदलली की थाट बदलतो. बायकांच्या बैठकीच्या खोलीत इस्लामी वळणाच्या कमानी आणि छताला भरतकाम केलेलं रेशीम आहे. सासूबाई तिथे मान वर करून बराच वेळ उभ्या होत्या. दक्षिणेला बागेकडे तोंड करून दोन्ही मजल्यांना खांबांचे व्हरांडे, खालच्याला इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या फरश्या.

माझा पाय अडला तो वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत. भिंतीवर सोनेरी उठावाचं नक्षीदार कातडं लावलंय असं वाटतं. जवळ गेलं तरी कातडंच वाटतं. प्रत्यक्षात तो कागद आहे, किंकाराकावाशी. युरोपात भिंतींना मुलामा दिलेलं नक्षीचं कातडं लावत, ते डच व्यापाऱ्यांमार्फत जपानला पोचलं आणि जपानी कारागिरांनी ते हातकागदावर उतरवलं. जाड जपानी कागदावर धातूचा वर्ख चिकटवायचा, तो नक्षी कोरलेल्या लाकडी रुळावर गुंडाळायचा, ओला असतानाच ब्रशने ठोकून ठोकून नक्षी उठवायची, आणि मग रंग आणि लाख चढवायची. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) हाच कागद युरोपला निर्यात होत असे. पुढे ही कला जवळपास नाहीशी झाली. या घरातला कागद पुन्हा त्याच पद्धतीने करून लावलेला आहे. फुलांच्या पाकळ्यांच्या कडा बाजूने बघा, प्रत्येक कड थोडी वेगळी उठलेली दिसते.

आणि आता ज्यासाठी हा धागा काढला ते. हे एवढं मोठं घर राहण्यासाठी नव्हतं. परदेशी पाहुणे, कौटुंबिक मेळावे, समारंभ यांसाठी ते होतं. इवासाकी कुटुंब राहायचं मागे, जपानी पद्धतीच्या घरात. ते घर आकाराने या हवेलीपेक्षा कितीतरी मोठं होतं. आज त्यातला फक्त एक भाग, मुख्य दिवाणखाना आणि त्याला लागून थोडं, एवढंच शिल्लक आहे. बाकीचं दुसऱ्या महायुद्धानंतर पाडलं गेलं. हवेलीतून एका बोळातून या भागात जाता येतं. छत एकदम खाली येतं, लाकडी जमीन संपून तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, सुरू होते, आवाज बदलतो. तोकोनोमाच्या, म्हणजे चित्र किंवा फुलं मांडायच्या कोनाड्याच्या, भिंतीवरचं चित्र हाशिमोतो गाहोंचं मानलं जातं. लाकडातल्या नक्षीत घराण्याचं शंकरपाळ्यांचं चिन्ह जागोजागी दिसतं. मित्सुबिशीचे तीन हिरे ज्या दोन घराण्यांच्या चिन्हांवरून आले, त्यातलं हे एक.

म्हणजे आपण तिकीट काढून बघतो तो यजमानांनी जगाला दाखवायला मांडलेला थाट. जिथे मुलं वाढली, आजारपणं झाली, रोजचं जेवण शिजलं, ते गेलं. मला ही गोष्ट फार लागली. ज्यांनी जपानमधली अशी घरं पाहिली आहेत, त्यांनी आपलं निरीक्षण जरूर लिहावं.

रानजाई

मेघना, अप्रतिम लिहिलंयस. मी योकोहामात असून नावही ऐकलं नव्हतं. आई मार्चमध्ये येतेय, तिचे गुडघे दुखतात. चालणं किती आहे? तिकीट?

मेघना_निशिकासाई

धन्यवाद रानजाई. चियोदा लाइनच्या युशिमा स्टेशनहून तीन-चार मिनिटंच. तिकीट ४०० येन, ६५ च्या वर २००. फाटकापासून घरापर्यंतचा चढ मात्र आहे, आणि वर आम्ही जिन्यानेच गेलो. जिना रुंद आहे, कठडा भक्कम. बूट काढायचे असल्याने नाडीचे नकोत, सहज निघणारे घालायला सांग, आणि मोजे जाडसर, कारण मार्चमध्ये जमीन गार असते. जपानी भागात बसून माच्चा (हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा) आणि गोड पदार्थ घेता येतो. दोन तास हाताशी ठेव.

सुतारपक्षी

मी वास्तुरचनाकार आहे, पुण्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. धागा आवडला, पण एका मुद्द्यावर थोडं वेगळं म्हणायचं आहे.

दाखवायचं घर आणि राहायचं घर असे दोन भाग करणं ही त्या काळच्या जपानी श्रीमंतांची सर्रास रीत होती. त्यामुळे हवेलीला दिखाव्याची म्हणून बाजूला काढता येणार नाही. करार, ओळखी, राजकारण तिथेच होत होतं. जपान त्या काळात पाश्चात्त्य देशांशी झालेले असमान करार बदलून घेण्यासाठी धडपडत होता. आम्ही तुमच्या बरोबरीचे आहोत हे दाखवणं सरकारला निकडीचं वाटत होतं, म्हणून तर १८८३ मध्ये याच काँडरकडून रोकुमेइकान बांधून घेतलं आणि तिथे मेजवान्या, नाच सुरू केले. ती इमारत आज नाही. इवासाकींची हवेली त्याच वातावरणातली आहे.

दुसरं, व्हरांडा. टोक्योच्या थंडीत एवढा खोल व्हरांडा खोल्यांचा उजेड अडवतो. तो आला आशियातल्या उष्ण प्रदेशांतून. ब्रिटिश माणूस हिंदुस्थान, सिंगापूर, हाँगकाँग करत पूर्वेकडे सरकला आणि बंगल्याचा साचा बरोबर घेऊन गेला. नागासाकीपर्यंत तो पोचलेला दिसतो. पुणे कँपात किंवा माथेरानला ज्यांनी जुने बंगले पाहिलेत, त्यांना जपानमधली ही घरं ओळखीची वाटतात ती यामुळे.

मेघनाताई, काँडरबद्दल एक भर घालतो. तो कावानाबे क्योसाई या चित्रकाराकडे जपानी चित्रकला शिकला, आणि गुरूने त्याला क्योएइ हे नाव दिलं होतं. जपानी बागांवर त्याने अभ्यास करून लिहिलंही. म्हणून मागचं जपानी घर आणि पुढची हवेली या जोडीकडे तो परका म्हणून बघत नसावा, असं माझं मत.

भटक्या_सांगली

नागासाकीचा उल्लेख आलाच आहे तर ग्लोव्हर हाउसबद्दल लिहितो. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी क्यूशूत (नागासाकी ज्या बेटावर आहे तिथे) होतो, एक रविवार मोकळा मिळाला.

थॉमस ग्लोव्हर स्कॉटलंडचा. १८५९ मध्ये, एकविशीत नागासाकीला आला. चहाचा व्यापार, मग जहाजं आणि बंदुका, मग ताकाशिमाची कोळशाची खाण, जहाजदुरुस्तीची गोदी. सात्सुमा संस्थानाचे तरुण १८६५ मध्ये चोरून ब्रिटनला गेले, कारण देशाबाहेर जायला बंदी होती, त्यांना मदत करणारा हाच. टेकडीवरचं त्याचं घर १८६३ चं. जपानमध्ये टिकून असलेलं सर्वांत जुनं पाश्चात्त्य धाटणीचं लाकडी घर. २०१५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

घर बैठं आहे. वरून बघितलं तर खोल्या पानांसारख्या पुढे आलेल्या, सभोवती व्हरांडा, खाली दगडी फरसबंदी, आणि समोर सगळं बंदर. बांधणारे अमाकुसाचे कोयामा हिदेनोशिन. सुतारपक्षी, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे छपरावर जपानी कौलं आहेत आणि भिंती मातीच्या, वरून गिलावा. म्हणजे राहणारा स्कॉटिश, पण वळचणीला हात लावाल तर काम जपानी.

मला तिथे सगळ्यात जास्त आठवतो तो त्याच्या मुलाचा फोटो. तोमिसाबुरो, आई जपानी. त्याने आडनावही जपानी वळणाचं, कुराबा, लावलं होतं. नागासाकीच्या मासळी बाजारात येणाऱ्या माशांची चित्रं चित्रकारांकडून काढून घेऊन त्याने मोठा संग्रह केला. युद्धात मात्र त्याच्यावर संशय घेतला गेला. अणुबाँब पडला तेव्हा तो नागासाकीतच होता, आणि २६ ऑगस्ट १९४५ ला त्याने आत्महत्या केली. मादाम बटरफ्लायचं घर म्हणून लोक तिथे फोटो काढतात, त्या ऑपेराचा या घराशी खरा संबंध नाही. तोमिसाबुरोची हकिकत वाचायला मात्र फार थोडे थांबतात. कृपया थांबा.

जायला ट्राम सोयीची. इशिबाशी थांब्यावर उतरलात तर तिरकी लिफ्ट थेट टेकडीवर नेते, तिथून बघत बघत खाली उतरायचं. ज्येष्ठांसाठी हाच रस्ता बरा.

कोबेवासी

आमच्या कोबेचं कितानो राहिलंच की! इथे अशी घरं एक-दोन नाहीत, अख्खी वस्ती आहे. इजिनकान, म्हणजे परदेशी लोकांची घरं, म्हणतात त्यांना. आणि मेघनाताईंच्या मुद्द्याला इथे उलट उत्तर मिळतं, कारण ही राहती घरं होती.

कोबे बंदर १८६८ च्या १ जानेवारीला परदेशी व्यापाराला खुलं झालं. परदेशी लोकांसाठी आखलेली वसाहत वेळेत तयार नव्हती आणि पुढे जागाही अपुरी पडली, म्हणून बाहेर जपानी लोकांच्या शेजारी राहायची परवानगी मिळाली. मग व्यापाऱ्यांनी डोंगरउतारावर, बंदर दिसेल अशी घरं बांधली. सगळ्यात प्रसिद्ध ते वातकुक्कुटाचं (छपरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्याचं) घर, काझामिदोरी नो याकाता. जर्मन व्यापारी थॉमसने १९०९ च्या सुमारास बांधलेलं, लाल विटांचं. त्याच्या जवळच मोएगी नो याकाता, १९०३ चं, अमेरिकन कॉन्सल जनरल हंटर शार्प यांचं. मधली कित्येक वर्षं ते पांढरं होतं. १९८७ मध्ये दुरुस्तीच्या वेळी पुन्हा मूळचा फिकट हिरवा रंग दिला.

मोएगीच्या बागेत एक चिमणी आहे, धुराडं म्हणा. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५.४६ चा भूकंप. त्यात छपरावरून ती पडली. ती तशीच बागेत ठेवली आहे. विटांचा जोड अजून सुटलेला नाही. शहरात आणि आसपास ६,४०० हून अधिक माणसं गेली. आमच्या इमारतीतल्या आजी त्या पहाटेबद्दल बोलतात, तेव्हा घरांची नावं घेत नाहीत, शेजाऱ्यांची घेतात.

आपल्या लोकांसाठी आणखी एक सांगते. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथले बरेच भारतीय व्यापारी कोबेला आले. सिंधी, गुजराती, पंजाबी कुटुंबं कितानोच्या परिसरात राहिली. संगमरवरी जैन मंदिर आहे १९८५ चं, आणि १९३५ ची मशीद, जपानमधली पहिली, जिच्यासाठी भारतीय व्यापाऱ्यांनीही पैसे दिले होते. युद्धातली बाँबफेक आणि १९९५ चा भूकंप, दोन्हींतून ती वाचली. तेव्हा फक्त वातकुक्कुट बघून परत फिरू नका, खालच्या गल्ल्यांतूनही चाला.

जुनी_वही

वाचनखूण साठवली. एक मुंबईचा धागा जोडतो.

१८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीने मुंबई मार्ग सुरू केला. जपानी कंपनीचा हा पहिला दूर पल्ल्याचा सागरी मार्ग. कारण कापूस. जपानच्या सूतगिरण्यांना हिंदुस्थानी रुई हवी होती, आणि तिच्या वाहतुकीवर पी अँड ओ ही ब्रिटिश जहाज कंपनी आणि सोबतच्या कंपन्यांची पकड होती, भाडं त्या म्हणतील ते. जमशेदजी टाटा त्याच वर्षी जपानला गेले, उद्योगपती शिबुसावा एइइचींना भेटले, आणि टाटांची पेढी व ही जपानी कंपनी यांनी मिळून मार्ग उघडला. पी अँड ओने लगेच भाडी पाडली. टाटांना आपली जहाजसेवा आवरती घ्यावी लागली, जपानी कंपनी मात्र टिकली. (हे शिबुसावा म्हणजे २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर दिसतात तेच.)

आता या घराशी संबंध. ही जहाज कंपनी १८८५ मध्ये झाली ती मित्सुबिशीचा जहाजाचा व्यवसाय आणि एक प्रतिस्पर्धी कंपनी एकत्र करून. इवासाकी घराणं त्यात मोठं भागधारक होतं. म्हणजे मुंबईच्या गोदीतून रुईच्या गाठी घेऊन पहिली जपानी बोट निघाल्यावर तीन वर्षांत युशिमातली ही हवेली उभी राहिली. रुईच्या पैशातून हवेली झाली असं मी म्हणत नाही, त्या घराण्याचा पसारा फार मोठा होता, खाणी होत्या, गोदी होती. पण त्या दिवाणखान्यात ज्या व्यवहारांची बोलणी होत असतील, त्यांच्या जगात मुंबईही होती, हे नक्की.

अनिकेत_क

सगळे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. पण एक शंका मनापासून विचारतो. पाश्चात्त्य घरंच बघायची तर युरोपात बघू. जपानला मोजके दिवस घेऊन येणाऱ्या माणसाने देवळं, बागा, किल्ले सोडून नकलेसाठी अर्धा दिवस का द्यावा?

सुतारपक्षी

अनिकेत, शंका रास्त आहे. नक्कल म्हणाल तर तिची सगळ्यात सच्ची गोष्ट मात्सुमोतोला बघायला मिळते, म्हणून घरांवरून थोडा शाळेकडे वळतो. काइची शाळा, १८७६. बांधणारे तातेइशी सेइजू, स्थानिक सुतार. ते टोक्यो-योकोहामाला जाऊन नव्या इमारती बघून आले आणि आपल्या हत्यारांनी, आपल्या सवयीने शाळा उभारली. कोपऱ्यांना दगड लावलेत असं वाटतं, तो गिलावा आहे. वर अष्टकोनी मनोरा. दारावर शाळेच्या नावाची पट्टी धरलेले दोन पंखवाले देवदूत, आणि त्यांच्या खाली जपानी देवळात शोभेल असा कोरीव ड्रॅगन! युरोपात तुम्हाला हे कुठेही दिसणार नाही. खर्च सुमारे ११,००० येन आला, त्यातले सत्तर टक्के गावकऱ्यांनी वर्गणीतून दिले. १९६३ पर्यंत तिथे मुलं शिकत होती. २०१९ मध्ये तिला राष्ट्रीय ठेवा जाहीर केलं.

त्या सुताराने डोळ्यांनी जे पाहिलं ते हाताला जमेल तसं बांधलं. देवदूत त्याला परका आणि ड्रॅगन ओळखीचा, तरी दोघांना त्याने सारख्याच मायेने कोरलं. मात्सुमोतोचा किल्ला बघायला तुम्ही जाणारच, शाळा तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

मेघना_निशिकासाई

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_वही, मुंबईचा संदर्भ वाचून सासऱ्यांना वाचून दाखवला. ते गिरणीत नोकरीला होते, त्यांना रुईच्या गाठी म्हटल्यावर पुढचं काही सांगावं लागलं नाही.

अनिकेत, मी तर त्या कागदासाठीच पुन्हा जाईन. कातड्याची नक्कल करता करता त्यांनी अशी वस्तू केली जी युरोपने विकत घेतली. तिथे नक्कल हा शब्द मला तोकडा पडतो.

सुतारपक्षी, तुमचं म्हणणं पटलं, हवेलीला कमी लेखायचं नाही. तरी राहत्या घराची हळहळ कमी होत नाही. एकेकाळी त्या आवारात वीसेक इमारती होत्या, आज तीन आहेत. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराने जागा ताब्यात घेतली, नंतर ती सरकारकडे आली आणि बरीच वर्षं तिथे सर्वोच्च न्यायालयाची प्रशिक्षण संस्था होती. हवेलीला १९६१ मध्येच संरक्षण मिळालं. जपानी घराच्या उरलेल्या तुकड्याला १९६९ मध्ये, तोवर बाकीचं पाडून झालं होतं. दगड-विटांची किंवा परदेशी नावाच्या माणसाने बांधलेली इमारत लोकांना लवकर वारसा वाटते. तातामीच्या खोल्या तेव्हा सगळीकडेच होत्या, त्यामुळे त्या जपाव्यात हे कुणाच्या लवकर मनात आलं नसावं. ते घर बांधणारे ओकावा किजूरो हे त्या काळचे नावाजलेले कारागीर होते. काँडरचं नाव प्रत्येक फलकावर आहे, त्यांचं नाव मला शोधावं लागलं.

रानजाई

अपडेट देते. काल आईला घेऊन गेले होते. चढ तिने थांबत थांबत पार केला. ती आयुष्यभर भरतकाम करत आलीय, त्यामुळे रेशमाच्या छताखालून हलेचना. टाके कुठे भरीव आहेत, कुठे नुसती बाह्यरेषा आहे, सगळं मला दाखवत होती. जपानी भागातही छान बसलो.

एक प्रश्न : बागेत बाजूला जी छोटी लाकडी बंगली आहे, ती कसली? आणि आईला हे इतकं आवडलंय की असंच आणखी एखादं घर सुचव.

मेघना_निशिकासाई

वा, काकूंना माझा नमस्कार सांग. ते छत बघताना मला टाक्यांचं काही कळलं नव्हतं. त्यांनी काय सांगितलं ते सवडीने इथे नक्की लिही, त्यांच्या शब्दांत.

बंगली म्हणजे बिलियर्ड खेळायची जागा. तीही काँडरचीच, स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या घरांसारखी, ओंडक्यांच्या भिंतींची. हवेलीपासून तिथवर जमिनीखालून बोगदा आहे, म्हणजे पाहुण्यांना पावसात भिजावं लागू नये.

आणखी एक घर सुचवायचं तर क्यू-फुरुकावा. टोक्योतच आहे, कामिनाकाझातो किंवा कोमागोमे स्टेशनहून जाता येतं. हेही काँडरचं, पण १९१७ चं, त्याच्या अखेरच्या वर्षांतलं. १९२० मध्ये तो गेला. बाहेरून काळसर दगडाचं पक्कं इंग्रजी घर, आणि वर गेलं की सरकत्या दारांमागे तातामीच्या खोल्या! म्हणजे इवासाकींकडे जे दोन वेगळ्या घरांत होतं ते वीस वर्षांनी एकाच छपराखाली आलं, आणि म्हणून तिथे राहता भागही टिकला. वरचा मजला मार्गदर्शकाबरोबरच दाखवतात, तेव्हा वेळा आधी बघून जा. बागेतले गुलाब मेच्या मध्यावर फुलतात. काकू तोवर असतील तर तेव्हाच जा, गुडघ्यांना त्रास नको म्हणून उतरणीची जपानी बाग मात्र वरूनच बघा.